पहिली पंगत

बायकांच्या अंगात रक्त कमी, म्हणून गावात आरोग्याचा कार्यक्रम घ्यायचा ठरला. त्याची बैठक सरपंच दौलतरावांच्या अंगणात भरली आणि जेवण रांधायला बसली अनसाक्का. तिची पोटुशी सून कालच चक्कर येऊन पडली होती.

"सरपंच, भाषणं पुरे!" चुलीपासूनच अनसाक्का ओरडली. "बायका पुरुषांच्या मागून उरलंसुरलं खातात. आधी ते बंद करा!"

दौलतराव खो खो हसले. "अगं, रांधणाऱ्या तुम्हीच. हवं तेवढं खा की, कोण अडवतंय?"

इकडे भाषणं रंगली. तिकडे परसात अनसाक्कानं सुनेला मधोमध घेऊन बायकांची पंगत बसवली आणि पोटभर वाढूनच उठवली!

मग पुरुष बसले. ताटात पडली भाताची खरवड आणि आमटीचं पाणी.

"डाळ कुठाय? उसळ कुठाय?" दौलतराव गरजले.

अनसाक्कानं रिकामं पातेलं त्यांच्यापुढं आदळलं. "हे काय, तुमच्यापुढंच आहे. हवं तेवढं खा की, कोण अडवतंय?"

सगळ्यांत मोठ्यानं हसली ती सरपंचीणबाई.

दौलतरावांनी खरवड कशीबशी गिळली. "ठरलं! कार्यक्रमाची सुरुवात घराघरातनं. बायका-पुरुषांची एकच पंगत."

"मग रात्री माझंही ताट तुमच्या शेजारीच मांडते," सरपंचीणबाई म्हणाली.