राघूबंगलीची मुकी सकाळ

मांडवखेलच्या जुन्या जहागिरीत, तळ्याच्या काठाला, आमराईच्या तोंडाशी एक आठकोनी बंगली आहे. ही काही राहायची जागा नव्हे. घटकाभर टेकायला, वारा खायला आणि नुसतं बघत राहायला बांधलेली. तिच्या सात भिंतींवर चुन्याचे राघू आहेत. कुणी पेरू फोडतोय, कुणी मान मुरडून पाठ खाजवतोय, एक तर चक्क शेजाऱ्याच्या चोचीतली मिरची ओढतोय. आठवी भिंत मात्र कोरी करकरीत. पाहुणे हटकून विचारतात, इथलं काम राहून गेलं का? मग बागेची राखण करणारे तात्याबा बेलदार त्यांना आधी चपला काढायला लावतात, ओट्यावर बसवतात आणि सांगतात ते असं.

हे राघू केले मल्लाप्पा गवंड्यानं. थोरल्या आईसाहेब त्याला म्हणाल्या होत्या म्हणे, की माझ्या बागेतली पाखरं उन्हाळा आला की उडून जातात, मला न उडणारी करून दे. त्यानं अकरा वर्षं खपून केली. साचा नाही, कागद नाही. ओला चुना आणि दोन बोटं, एवढ्यावर. पुढं आईसाहेब गेल्या आणि मल्लाप्पाच्या हातांना कंप सुटला. भाकरीचा तुकडा आमटीत बुडवायचा तर निम्मी आमटी मांडीवर सांडायची. तसे राघू आता पुन्हा कुणाच्या हातून होणार नव्हते. जे भिंतीवर होते तेवढेच.

त्याची सून भिवरा चुन्याच्या घाणीवर, बैल फिरवून चुना मळतात तिथं, कामाला जायची. नवरा लांब गडाच्या बांधकामावर, घरात ती आणि मामंजी. पोरगी मोठी दचकरी. भांडं पडलं की दचकायची, मागून हाक आली की दचकायची. पाणवठ्यावरच्या बायांना तेवढाच विरंगुळा. “भिवरे, जपून गं, तुझी सावली येतीय मागनं.” ती हसण्यावारी न्यायची, पण घागर मात्र दोन्ही हातांनी घट्ट धरायची.

अशात धाकट्या सरकारांचं लग्न ठरलं. वऱ्हाड बंगलीत उतरणार होतं. कारभारी विसाजीपंत कामाला वाघ, पण धीर म्हणून नाही. त्यांनी भिंतींना गेलेल्या भेगा बघितल्या, एक राघू खाली पडून चुरा झालेला बघितला आणि हुकूम दिला, की जुनं सगळं उतरवा, नवं चढवा. परगावाहून गवंडी आले. पहिल्या भिंतीवरचे राघू एका दिवसात खाली आले. नवा गिलावा चढवला तो आठ दिवसांच्या चुन्याचा. चुना खड्ड्यात पाण्याखाली वर्ष-वर्ष मुरावा लागतो, कच्चा चुना भिंतीवर गेल्यावर फुलतो, हे घाणीवरच्या भिवराला ठाऊक होतं. पण पंतांपुढं तोंड कसं उघडायचं? ती गप्प राहिली. चौथ्या दिवशी गिलाव्याला पापडासारखे फोड आले आणि पाचव्या दिवशी तो ढासळला.

पंत म्हणाले, भिंतीच कुजल्यात. उद्या उरलेल्या सातही खरवडा.

मल्लाप्पानं त्या दिवशी ताट बाजूला सारलं. “जाऊ दे सूनबाई,” तो म्हणाला, “हातानं केलेलं हातानंच जायचं.” भिवराला ते ऐकवलं नाही. आपण वेळेत बोललो असतो तर पहिली भिंत तरी वाचली असती, हे तिच्या मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी गवंड्यानं हातोडा उचलला, तर समोर भिवरा. भिंतीला पाठ लावून उभी. पंतांनी विचारलं, काय आहे? ती म्हणाली,

“पंत, बाजारात मडकं घेताना बाई वाजवून घेते. पिचकं असेल तेवढं बाजूला ठेवते. सगळी उतरंड फोडत नाही.”

गवंडी हसले. पंत हसले नाहीत. म्हणाले, “मग वाजव.”

तिनं बोटाचं पेर भिंतीवर मारलं. एकदा, दोनदा, तीनदा, भरीव. चौथ्यांदा आवाज पोकळ आला आणि ती दचकून हात मागे घेती झाली. तिथं छिन्नी घातली तर आत तळहाताएवढी पोकळी निघाली. शेजारी वीतभर अंतरावर छिन्नी मारून पाहिली, तर चुना दगडासारखा. पंतांनी त्या भोकात बोट घालून बघितलं. मग म्हणाले, “सात भिंती, सात दिवस. पण लग्नात एक कपची जरी खाली आली, तर तुझ्या घरानं वेस ओलांडायची.” भिवरानं मान हलवली.

काम सुरू झालं आणि तिच्या ध्यानात आलं, की गावच्या गलक्यात काहीच ऐकू येत नाही. घाण्याची करकर, बैलांच्या घुंगुरमाळा, तांबटाची ठोकाठोक. ती पाटलांकडं गेली. पाटलांनी गाव गोळा केलं, आणि असं सांगतात, की साऱ्या गावानं बेलभंडारा उचलून शपथ घेतली: सात दिवस रोज सूर्य डोक्यावर येईतो मांडवखेलात कुणी आवाज करणार नाही. घुंगरांत गवत कोंबलं. देवळातला नगारा झाकला. दवंडीवाल्याची तर पंचाईतच. त्यानं हलगी घरी ठेवली आणि दारोदार जाऊन कानात सांगितलं म्हणे.

त्या शांततेत भिवरानं सातही भिंती बोटानं वाचल्या. जिथं दचकली तिथं गेरूचं बोट लावलं. मल्लाप्पानं स्वतःच्या घरासाठी तीन वर्षं मुरवलेला चुन्याचा खड्डा उघडून दिला. बारीक भोकातून, गाईच्या शिंगानं, पातळ चुना आत सोडायचा आणि तो धरेपर्यंत वरून हात दाबून ठेवायचा. एवढे हात कुठले? मग पाणवठ्यावरच्या त्याच बाया आल्या. तांबट आला, पाटलीणबाई आल्या. एकेका राघूवर एकेक तळहात टेकून माणसं उन्हात उभी राहिली, एकमेकांशी न बोलता. मल्लाप्पानंही हात टेकला. भिंतीवर दाबून धरल्यावर तो थरथरत नव्हता, असं तात्याबा सांगतात.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड वेशीत आलं आणि सलामीची तोफ सुटली. तळ्यावरचे बगळे उडाले, बंगलीच्या लाकडी छताची तक्तपोशी हादरली. मांडवातल्या साऱ्यांच्या नजरा राघूंकडं. कपची सोडा, भुगासुद्धा पडला नाही. आणि भिवरा? ती भिंतीला कान लावून उभी होती. एवढ्या आवाजाला ती एकटी दचकली नाही. तिचं सगळं ध्यान आत होतं.

विसाजीपंत मोठ्या मनाचा माणूस. भर मांडवात त्यांनी आपली शाल मल्लाप्पाच्या खांद्यावर घातली आणि भिवराला विचारलं, की पहिल्या भिंतीवर आता काय काढायचं? ती मामंजींकडं बघून म्हणाली, “काही नको. वाजवून बघायच्या आधी हातोडा चालवला की काय होतं, ते दिसू दे.”

आजही कार्तिकातल्या एका सकाळी मांडवखेल मुकं असतं. घुंगरांत गवत असतं, देवळाचा भोंगा बंद असतो, एसटीचा ड्रायव्हर वेशीपासून हॉर्न वाजवत नाही. गाव बंगलीपाशी जमतं आणि त्या वर्षी लग्न होऊन आलेल्या सुना भिंतीवर बोटाचं पेर मारत फिरतात. एखादी दचकली, तर कुणी हसत नाही. शेजारची म्हातारी गेरूत बोट बुडवून ते तिथं टेकवते, आणि मागची माणसं, काही न विचारता, हात वर करून भिंतीकडं सरकतात.