पदीबायची खांड

फार वर्षांपूर्वी, जेव्हा खाडी आजच्यापेक्षा रुंद होती, तेव्हाची ही गोष्ट. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा एक लांब बांध होता. बांध टिकला तर गावाला भात, फुटला तर शेतात खारं पाणी आणि घरोघरी उपास. म्हणून गावाने बांधाचे वाटे पाडले होते. ज्याचा वाटा, त्यानेच तो लिंपायचा.

त्या वर्षी भादव्याच्या अमावास्येला मोठं उधाण येणार होतं. सकाळीच पदीबायला बांधात भगदाड दिसलं. तिकडे त्याला खांड म्हणतात. ती नेमकी चांगो आणि हसुराम यांच्या वाट्यांच्या मध्ये पडली होती. पदीबायचा वाटा पार दुसऱ्या टोकाला. तरी तिने टोपली उचलली आणि धाकट्या बहिणीला, बारकीला, गावात पिटाळलं.

मारुतीच्या देवळात सगळे पुरुष जमले होते.

"खांड हसुरामच्या वाट्यात हाय," चांगो म्हणाला.

"वा रं वा! तुझ्या बाजूचे खेकडे पोखरणार, न् चिखल मी थापू?"

सगळे हसले.

"अरं, पाणी चढतंय!" बारकी ओरडली.

"निवाडा झाल्याबिगर कोणी हात लावायचा नाय," पाटील म्हणाला.

बारकी एकटीच परत आली. तोवर पदीबायने पेंढा घातला होता, घराचं दार उपटून लावलं होतं, आणि दार हलायला लागलं होतं. तिने गावाकडे बघून एक सणसणीत शिवी हासडली आणि ती खांडीतच पाठ लावून बसली.

खाडी तिच्या गळ्याशी येऊन थांबली, असं म्हणतात. पाणी भिंतीसारखं उभं राहिलं, मासे तिच्या डोक्यावरून उडत होते, पण शेतात थेंब गेला नाही, असंही म्हणतात. म्हणणारे तेव्हा देवळात होते. बहिणीच्या खांद्यांवर चिखल थापत होती ती बारकी. ती सांगायची, पदीबाय दर लाटेला एवढंच विचारत होती, "आलं का गं कोण?"

ओहोटीला गाव आलं. तिथे बाई नव्हती, सलग बांध होता.

"केवढा त्याग!" चांगोने हात जोडले. "थोर बाई! हितं देऊळ बांधू."

"कसला त्याग रं?" बारकी कडाडली. "तिला भात कापायचं होतं! तुम्ही दोघं टोपली घेऊन आला असता, तर ती आता माझ्यासंगं भाकर खात असती. मेल्यावर थोर म्हणाया तुमचं काय जातंय?"

देऊळ त्यांनी बांधलंच. पुढच्या उधाणाने ते नेलं. दुसरं बांधलं, तेही नेलं. बांधाला मात्र ओरखडाही नाही.

मग गाव शहाणं झालं. आजही तिथे देऊळ नाही. भादव्याच्या अमावास्येला लहानथोर सगळे बांधावर येतात आणि पदीबायचं नाव घेऊन चिखल थापतात. गेल्या वर्षी एक पाहुणा भलामोठा हार घेऊन आला.

"बाईंना नमस्कार करायचाय," तो म्हणाला.

एका म्हातारीने हार काढून घेतला आणि बाजूला ठेवला.

"आधी बाह्या वर कर," ती म्हणाली.