लॅपटॉपला लागलेली हळद

हे कुणाला सांगू नकोस, असं हेमलता मावशीने बजावलं होतं. मस्कतहून परतताना विमानतळावर कस्टमच्या साहेबांनी तिचा लॅपटॉप अडवला. त्यांच्या लेखी मस्कतहून येणारा प्रत्येकजण चोरच.

"तिकडे घेतलात. कर भरा, नाहीतर जप्त."

"साहेब, इथूनच नेला होता. जुना आहे."

"बिल दाखवा."

बिल नव्हतं. मावशीने त्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. "हा अगदी कोरा दिसतोय."

"कोरा कुठला? तीन दसऱ्यांच्या पूजेची हळद दिसत नाही का?"

मावशीने लॅपटॉप उघडून बटणांवरचे पिवळे डाग दाखवले. "मग याला तरी बिल कशाला, साहेब?"

साहेबांनी गुपचूप लॅपटॉप परत दिला. खरं तर ती हळद दसऱ्याची नव्हतीच. मावशी काम करताना पोहे खाते, तेव्हा बोटांची… आले गं आई, आले.