‘गेला’ची दोन क्रियापदं

सबनीस सरांनी तीस वर्षं कॉलेजात रशियन शिकवली होती, आणि ही भाषा आपल्या वर्गाबाहेरही कुणी बोलतं, हे त्यांना फारसं रुचत नसे. रशियनच्या तात्पुरत्या शिक्षकाच्या जागेसाठी वृंदा गायधनी मुलाखतीला आली, तेव्हा त्यांनी तिचा अर्ज दोन बोटांत उचलला.

"एकाही परीक्षेचं प्रमाणपत्र नाही. मग शिकलात कुठे?"

"रशियातल्या हॉस्पिटलात, सर. धाकटा भाऊ तिकडे मेडिकलला होता. तो आजारी पडला म्हणून सात महिने त्याच्या उशाशी होते. तिथल्या नर्सेसशी बोलत बोलत शिकले."

"म्हणजे कानावर पडलेली! अहो बाई, रशियन म्हणजे व्याकरण. 'येज्दिल' आणि 'पयेखल'. मराठीत दोन्हींना 'गेला'च म्हणतात. फरक सांगा, उदाहरणासकट."



"जाऊन परत आला, तर येज्दिल. निघून गेला आणि परतला नाही, तर पयेखल. मी गेले आणि आले, ते पहिलं. माझा भाऊ गेला, ते दुसरं. सर, आपण रशियाला कधी गेला होतात?"

सर टेबलावरची पुस्तकं सारखी करू लागले. शेवटी शेजारी बसलेल्या प्राचार्यबाईच म्हणाल्या, "सर कधी गेलेच नाहीत."

"मग सरांना यातलं एकही क्रियापद लागू पडत नाही."

नोकरी तिला मिळाली नाही. अर्जावर सरांचा शेरा होता : व्याकरण कच्चे.