करंजावरची जोडी

फार पूर्वी तळ्याकाठच्या करंजावर पाखरांची पंचायत भरत असे. पंचायतीने जाहीर केलेल्या जोडीलाच एकमेकांवर हक्क मिळे. रेवा आणि मंजुळा या दोन साळुंक्या कितीतरी वर्षं एकत्र राहत होत्या, पण त्यांची जोडी कुणी जाहीर केली नव्हती.

एकदा घारीने रेवाला जबर जखमी केलं. आजारी पाखरांच्या ढोलीत तिला ठेवलं. मंजुळा चारा घेऊन धावली, तर राखणदार कावळ्याने तिला अडवलं. "आत फक्त जोडीदाराला सोडतात. तू परकी."

मंजुळा तडक पंचायतीपुढे गेली. म्हणाली, "आमची जोडी जाहीर करा."

म्हातारा करकोचा मुख्य होता. तो म्हणाला, "दोन माद्यांची जोडी आजवर झालेली नाही."

"झालेली आहे. तुम्ही जाहीर केली नाही, एवढंच."

चिमणी कुरकुरली, "मग आमच्या जोडीला काय मान राहिला?"

"चिमणीताई, आम्हाला हक्क मिळाला म्हणून तुमचा चिमणा उद्यापासून तुमच्यावर कमी माया करील का?"

चिमणीने वळून आपल्या चिमण्याकडे पाहिलं.

"पुढच्या हंगामात बघू," करकोचा म्हणाला.

"रेवाची जखम तोवर थांबणार नाही. मीही इथून हलणार नाही."

मंजुळा उन्हात बसून राहिली. दुपारी चिमणी मुकाट्याने तिच्या शेजारी येऊन बसली. मग बुलबुल आले, होले आले. संध्याकाळी करकोच्याने जोडी जाहीर केली. काही पाखरं रागाने उडून गेली. मंजुळा मात्र थेट ढोलीत शिरली आणि तिने रेवाला चारा भरवला.

पुढच्या वर्षी दोन नर होले बिचकत पंचायतीपुढे आले. करकोचा आपणहून सरकला आणि त्याने त्यांना फांदीवर जागा करून दिली.