राणीची जागा

राज्य कॅरम स्पर्धा कुठे भरवायची ते ठरवायला राज्य संघटनेचे अध्यक्ष बाबाराव निंबाळकर परभणीला आमच्या क्लबात आले आणि पाऊण तास स्वतःबद्दलच बोलले. मोठी माणसं अशीच. आमच्या शकूरचाचांनी तीस वर्षं पोरं घडवली, पण दुखऱ्या गुडघ्यांपायी परगावी जाऊन एकाचाही राज्य सामना पाहिला नव्हता. मी कॉलेज सोडलं तेव्हा मला हाकललं नाही ते फक्त याच खडूस म्हाताऱ्यानं.

"स्पर्धा यंदाही मोठ्या शहरातच," अध्यक्ष म्हणाले. "तुमच्याकडे आहे काय?"

चाचांनी विचारलं, "साहेब, राणी घेतली पण कव्हर झाली नाही, तर?"

"हे शेंबडं पोरही सांगेल! राणी परत मधल्या गोलात."

"तीन वर्षं शहरानं स्पर्धा घेतली. हॉल एसी, पण बघायला नुसत्या खुर्च्या. कव्हर कुठं झाली?" चाचांनी भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशात मधोमध, परभणीवर, लाल राणी टेकवली. "मधला गोल हा."

अध्यक्षांनी नकाशा पाहिला, दारात दाटलेली गर्दी पाहिली आणि खिशातून डायरी काढली. मग म्हणाले, "तारीख सांगा."

चाचा माझ्यावर खेकसले, "रडतोस काय गाढवा? बोर्ड पूस!"

रडत ते स्वतःच होते.