पिठीसाखरेची खोली

“मग बाकीची कुठे गेली?”

रास्ते मॅडम दारात उभ्या. शार्दूलचं बोट चक्कीच्या हिरव्या बटणावर.

शार्दूल म्हणजे आमच्या लॅबचा हिरो! सकाळपासून साखर दळत होता. चक्कीत लोखंडी हातोडे गरगर फिरतात, दाण्यांवर आदळतात, की झाली पिठीसाखर. चक्कीने किती वीज खाल्ली आणि त्यातली खरंच दाणे फोडायला किती लागली, ते मोजायचं होतं. आता फुल स्पीडची शेवटची फेरी, की प्रोजेक्ट खल्लास. त्याची पार्टनर मी, केतकी.

“बाकीची काय, मॅडम?”

“वीज. दाणे फोडायला किती लागली?”

“शंभरातला जेमतेम एक भाग. सगळ्याच चक्क्यांचं असं असतं हो!”

“आणि नव्व्याण्णव?”

“आवाज, उष्णता, कधी हातोडा घासला तर ठिणगी... वायाच ते. ते कोण मोजतं?”

“बरं.”

मॅडम नुसतं “बरं” म्हणाल्या ना, की पुढे काहीतरी असतंच. शप्पथ!

“साखर किती घातलीस?”

“पन्नास किलो.”

“हाती किती आली?”

“त्रेचाळीस. उडते थोडी. तीही वायाच.”

“खिडक्या बंद का?”

“वाऱ्याने वजनकाटा हलतो, मॅडम. पंखाही बंद ठेवलाय. रीडिंग कसं, एकदम पक्कं पाहिजे!”

मॅडम माझ्याकडे वळल्या.

“केतकी, ओठ चाट.”

“अं?”

“चाट.”

चाटले.

गोड... आणि मी सकाळपासून काही खाल्लंच नव्हतं.

मग दिसलं. काचेतून आलेला उन्हाचा पट्टा दुधासारखा पांढरा. समोरची भिंत धूसर. इतका वेळ आम्हाला वाटत होतं, चष्म्याच्या काचा मळल्यात!

“शार्दूल,” मॅडम अगदी हळू म्हणाल्या, “दोन गोष्टी तू वाया म्हणून सोडल्यास. दोन्ही अजून एकमेकींना भेटलेल्या नाहीत.”

...

हवेत उडालेली साखर एका ठिणगीने बॉम्बसारखी पेटते, हे आम्ही दोघांनी परीक्षेत लिहिलं होतं. मार्कही पडले होते.

शार्दूलचं बोट अजून बटणावरच. काढायचं कसं, तेच त्याला सुचेना.

मॅडमनी त्याचं मनगट धरलं. अलगद वर उचललं.

“दिव्याच्या बटणाला हात लावू नका. काही ओढू नका, ठिणगी नको. चला.”

एरवी धाडधाड चालणारा शार्दूल मांजरीसारखा निघाला. मी तर श्वासच धरलेला.

बाहेर कडुनिंबाखाली पोचलो. जीभ अजून गोड. ती गोडी थुंकून टाकावीशी वाटत होती.



“मॅडम...” शार्दूलने विचारलं. “मग कार्यक्षमता... किती लिहू?”

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“आत तिघं होतो. बाहेर तिघं आलो. आज एवढीच लिही.”